बी.एस्सी. केमिस्ट्रीला आलास ना, मग हे ऐक

भावा, बारावीला रिॲक्शन पाठ करायची सवय लागली असेल, ती पहिल्या सेमिस्टरलाच मोड. ऑरगॅनिकमध्ये इलेक्ट्रॉन कुठून निघाला, कुठं गेला, तो बाण स्वतःच्या हातानं काढ. रोज दोन मेकॅनिझम, म्हणजे रिॲक्शन पायरीपायरीनं कशी घडते ते, पुरेत.

प्रॅक्टिकल मात्र अजिबात बुडवू नकोस. टायट्रेशनची ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मापाची काचनळी, आधी पाण्यानं, मग ज्या द्रावणानं भरणार त्यानंच खंगाळ. फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांब. गडद झाला म्हणजे थेंब जास्त पडला. पहिल्या वर्षी मी ब्युरेटच्या टोकातला हवेचा बुडबुडा काढायचोच नाही. रीडिंग जुळेनात, अख्खी दुपार गेली. परमँगनेटला मात्र द्रवाच्या वरच्या कडेचं रीडिंग घे, खालचा वक्र गडद रंगात दिसतच नाही.

गणित सोडू नकोस, फिजिकल केमिस्ट्री त्यावरच उभी आहे.

आणि हंगामात एकदा गुऱ्हाळावर जाच. तापत्या रसात भेंडीचं चिकट पाणी पडलं की बारीक कण एकमेकांना धरतात आणि मळी वर येते. पुस्तकातलं कोलॉइड, म्हणजे द्रवात विखुरलेले अतिबारीक कण, तिथं काहिलीत डोळ्यांनी दिसतं!

एम.एस्सी. शिवाजी विद्यापीठातून करायची की जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत, ते दुसऱ्या वर्षीच ठरव. तयारीला वेळ लागतो.