स्पेक्ट्रम +3 ला जुन्या पीसीतला फ्लॉपी ड्राइव्ह चालेल का? तीन इंची ड्राइव्ह भारतात मिळतो का?

काकांनी इंग्लंडहून आणलेला तुमचा स्पेक्ट्रम +3 हा घरगुती कॉम्प्युटर सुरू होतो पण डिस्क वाचत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग ड्राइव्ह शोधत फिरण्याआधी आतला पट्टा बदलून बघा.

हे मशीन अ‍ॅमस्ट्रॅडने 1987 मध्ये काढलं. त्यातल्या तीन इंची ड्राइव्हची मोटर डिस्कला थेट फिरवत नाही, रबरी पट्ट्याने फिरवते. इतक्या वर्षांत ते रबर सैल पडतं, नाहीतर वितळून डांबरासारखं पुलीला चिकटतं. मोटरचा आवाज येतो आणि डिस्क वाचली जात नाही, तेव्हा पहिला संशय त्याच्यावरच घ्यायचा. पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसा, हेडवरूनही त्याचाच हलका बोळा फिरवा आणि नवा पट्टा चढवा. अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी 6128 मध्येही तीन इंचीच ड्राइव्ह होता, त्यामुळे असे पट्टे ब्रिटन-युरोपातले विक्रेते आजही ऑनलाइन विकतात. मात्र मागवण्याआधी ड्राइव्हवरचा मॉडेल नंबर वाचून घ्या.

आता पीसीच्या ड्राइव्हबद्दल. तो चालतो. +3 मधली कंट्रोलर चिप 765 जातीची आहे, आयबीएम पीसीतही तीच होती, त्यामुळे दोघांची भाषा जुळते. धोका विजेचा आहे, आणि हे कृपया दोनदा वाचा: अ‍ॅमस्ट्रॅडच्या पॉवर कनेक्टरवर 5 व्होल्ट आणि 12 व्होल्टच्या तारा पीसीच्या उलट जागी आहेत. तोच कनेक्टर पीसीच्या साडेतीन इंची ड्राइव्हला खोचलात, तर 5 व्होल्टवर चालणाऱ्या चिपांना 12 व्होल्ट मिळतात आणि ड्राइव्ह त्याच क्षणी जातो. मल्टिमीटरने मोजल्याशिवाय काहीही जोडू नका.

दुसरी अडचण 34 नंबरच्या पिनची. +3 तिथे ‘रेडी’चा संकेत शोधतो, पीसीचा ड्राइव्ह तिथे ‘डिस्क बदलली’ हा संकेत देतो. ड्राइव्हकडची ती तार तोडून कॉम्प्युटरकडची बाजू ग्राउंडला जोडतात. काम होतं, पण मग ड्राइव्ह रिकामा असला तरी मशीनला तो कायम तयार वाटतो आणि ते वाट बघत अडकून बसतं. शिवाय पीसीचे ड्राइव्ह डीएस1 वर (डीएस म्हणजे ड्राइव्ह निवडणारी तार) बांधलेले असतात आणि +3 चा ए ड्राइव्ह डीएस0 वर, तेही बदलावं लागेल. मशीनच्या स्वतःच्या फॉरमॅट कमांडने जागा 173 केबीच मिळते. 1.44 एमबीच्या डिस्कचं दुसरं भोक चिकटपट्टीने झाकून ती वापरता येते.

हे सगळं +3 पुरतं. कमोडोर 64 च्या 1541 या ड्राइव्हमध्ये स्वतःचा प्रोसेसर असतो आणि तो सिरियल केबलने बोलतो. अ‍ॅपल टू ची डिस्क टू हे आणखी वेगळं प्रकरण. तिथे पीसीचा ड्राइव्ह असा जोडताच येत नाही.

उपलब्धतेचं म्हणाल, तर तीन इंची ड्राइव्ह इथल्या जुन्या बाजारात मिळेल अशी आशा मी धरणार नाही. भारतात परवान्याने निघालेला डेसिबेल्सचा स्पेक्ट्रम+ कॅसेटवरच चालायचा. साडेतीन इंची मात्र भंगारातल्या पीसींमधून अजून निघतो. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह घेऊ नका, त्याला ही 34 पिनांची केबल जोडताच येत नाही. रोजच्या वापराला गोटेक हा फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा खोका उत्तम: पेनड्राइव्हवरच्या डिस्क-प्रतिमा तो खऱ्या फ्लॉपीसारख्या दाखवतो. त्यात फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर टाका. ‘रेडी’चा संकेत त्यातच ठरवता येतो.

तरीही मूळ ड्राइव्ह फेकू नका. काकांच्या तीन इंची डिस्कवर त्यांनी स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम असतील, तर ते दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि ती डिस्क साडेतीन इंचीत शिरत नाही. पट्टा बदलून झाला की डिस्कचं राइट-प्रोटेक्ट लावा आणि काहीही फॉरमॅट करण्याआधी ग्रीझवीझलने (जुना फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीने आजच्या कॉम्प्युटरला जोडणारा छोटा बोर्ड) तिची प्रत काढा. तीन इंची डिस्क उलटवून दुसऱ्या बाजूनेही वापरत, तेव्हा दोन्ही बाजू वाचा.