स्वतःच सोडलं, वारसही स्वतःच निवडला, मग एवढा त्रास का होतोय?

मी समुपदेशक आहे, आणि स्वतः उभं केलेलं काम दुसऱ्याकडे सोपवलेली वेगवेगळी माणसं हा प्रश्न माझ्याकडे घेऊन येतात. कुणी आयुष्यभर शाळा चालवलेली असते, कुणी हौशी नाट्यसंस्था, कुणी बचत गट तर कुणी गल्लीतला वाचनकट्टा. आणि सगळ्यांचं एकच म्हणणं असतं, की मॅडम मला कुणी काढलं नाही, भांडण नाही, मीच ठरवलं, माणूसही मीच निवडला, मग आता रात्री झोप का येत नाही. त्यावर लिहायचं खूप दिवस मनात होतं, पण ज्यांच्यामुळे हे मला सगळ्यात नीट मांडता येईल त्यांची परवानगी आत्ता मिळाली. ओळख पटेल असे तपशील बदललेत. टीममधली मुलं त्यांना दादा म्हणतात म्हणून मीही इथे दादाच म्हणते.

दादा पन्नाशी ओलांडलेले, बँकेतून व्हीआरएस घेतलेले. त्यांनी मराठीत एक पॉडकास्ट, म्हणजे इंटरनेटवर ऐकायचा कार्यक्रम, सुरू केला, जुने हातउद्योग करणाऱ्या माणसांशी गप्पा असा. सुरुवातीला घरातल्याच खोलीत, भिंतीला गाद्या टेकवून, पंखा बंद करून रेकॉर्डिंग, उन्हाळ्यात घामाने शर्ट चिकटलेला. दर गुरुवारी सकाळी एपिसोड म्हणजे एपिसोड, कितीतरी वर्षं खंड नाही. मग एक मुलगी एडिटिंगला आली, ती हळूहळू रिसर्च करायला लागली, मग प्रश्न काढायला लागली, आणि एक दिवस दादांनीच जाहीर केलं की पुढच्या सीझनपासून ही बोलणार, मी थांबतोय. निरोपाचा एपिसोड झाला, लोक हळवे झाले, खूप मेसेज आले. इथपर्यंत सगळं छान.

माझ्याकडे आले ते झोपेची तक्रार घेऊन. पहाटे तीनला जाग येते म्हणाले. जाग आली की काय करता विचारलं तर आधी काही नाही म्हणाले, मग बायकोने शेजारून सांगितलं की हेडफोन लावून नवीन एपिसोड ऐकतात आणि वहीत चुका लिहितात, आणि मग त्या मुलीला तेव्हाच व्हॉइस नोट पाठवतात. पहाटे.

मी पुढच्या वेळी ती वही आणायला सांगितली. हे मी बऱ्याच जणांना सांगते, कारण डोक्यात फिरणारी तक्रार वेगळी आणि दुसऱ्यासमोर मोठ्याने वाचलेली तक्रार वेगळी. दादा वाचत गेले. इथे ती फार लवकर हसली. इथे मी दोन सेकंद गप्प बसलो असतो. म्युझिक मोठं झालं. "नमस्कार मंडळी" का काढलं? पाहुण्यांना काका का म्हणाली, आपण नेहमी नावाने बोलतो. वाचता वाचता त्यांचा आवाज खाली यायला लागला. मी एकच विचारलं, यातल्या कुठल्या गोष्टीमुळे ऐकणाऱ्याचं किंवा पाहुण्याचं नुकसान होतंय? पूर्ण वहीत एक सापडली. एका आजोबांच्या गावाचं नाव चुकीचं गेलं होतं. ती सांगायलाच हवी होती. बाकी सगळं "मी असतो तर" होतं.

तेव्हा त्यांना लगेच धीर द्यावा असं कुणालाही वाटेल, की अहो होतं असं, सवय होईल. मी ते मुद्दाम करत नाही. कारण या माणसाने खरंच काहीतरी गमावलंय आणि ते गमावलंय असं म्हणायची त्याला सोय नाही, नोकरी गेली तर चार लोक भेटायला येतात, इथे तर सगळे अभिनंदन करतायत. स्वतःहून सोडलेल्या गोष्टीचं दुःख करायला आपल्याकडे जागाच नसते, "तुम्हीच तर सोडलं ना" हे एक वाक्य सगळं बंद करून टाकतं. मग ते दुःख वारसाच्या चुका शोधण्यातून बाहेर पडतं.

दादांना वाटत होतं त्यांना भीती आहे ती पॉडकास्ट बुडण्याची. मी विचारलं, समजा एक वर्षाने तो तुमच्या वेळेपेक्षा जास्त चालला, लोकांना ती जास्त आवडली, तर? बराच वेळ गेला. मग म्हणाले, "तर मग मी इतकी वर्षं काय केलं?" हीच खरी गाठ होती. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक संस्थापकांची हीच असते. बुडेल ही भीती सांगायला सोपी, त्यात आपण मोठे राहतो. आपल्याशिवाय नीट चालेल ही भीती कुणी उघड बोलत नाही, आणि बोलली जात नाही म्हणूनच ती पहाटे तीनला उठवते.

अमेरिकेतल्या जेफ्री सोननफेल्ड या अभ्यासकाने 1988 मध्ये कंपन्यांचे प्रमुख पायउतार कसे होतात यावर लिहिताना चार प्रकार सांगितले होते, मला ते कामात फार उपयोगी पडतात. राजा, जो मरेपर्यंत किंवा कुणी खाली खेचेपर्यंत उठतच नाही. सेनापती, जो जातो पण मनात परत यायची तयारी ठेवून, माझ्यामागे सगळं कोसळेल आणि मला बोलावतील या आशेवर. राजदूत, जो जातो आणि विचारलं तर सल्ला देतो. आणि राज्यपाल, जो मुदत संपवून सरळ दुसऱ्या कामाला लागतो. दादांना मी हे सांगितलं आणि तुम्ही कोण असं विचारलंही नाही. तेच म्हणाले, मी स्वतःला राजदूत समजत होतो, पण सेनापती आहे.

मग त्यांनी आपणहून एक गोष्ट सांगितली, मला वाटतं इथून खरं काम सुरू झालं. जुने श्रोते नव्या एपिसोडखाली लिहायचे की दादांची मजा नाही, आणि दादा त्या कमेंटला हार्ट द्यायचे. "मनापासून आवडायचं मला ते," म्हणाले. हे सांगताना त्यांना लाज वाटत होती, पण मला त्यांचं कौतुक वाटलं, कारण इतकं खरं बोलायला माणसं फार वेळ घेतात. आणि ती मुलगी ते हार्ट बघत असणार हे त्यांच्या त्याच क्षणी लक्षात आलं, मला सांगावं लागलं नाही.

दादा रेडिओलॅबचे जुने श्रोते. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी रेडिओवरचा 2002 पासूनचा कार्यक्रम, जॅड अबुमराडने उभा केलेला. त्याचा जोडीदार रॉबर्ट क्रुलविच 2020 च्या सुरुवातीला निवृत्त झाला, त्याच वर्षी लतीफ नासेर आणि लुलू मिलर सहनिवेदक झाले आणि जॅड स्वतः 2022 च्या जानेवारीत बाजूला झाला. म्हणजे नवे आवाज वर्षभराहून जास्त काळ जुन्या आवाजाच्या शेजारी ऐकू येत होते. दादा म्हणाले मी हे केलंच नाही, एका गुरुवारी मी होतो आणि पुढच्या गुरुवारी ती एकटी होती. बरोबर आहे त्यांचं. पॉडकास्टमध्ये आवाज हेच नातं असतं, कानात बसलेला आवाज एकदम बदलला की ऐकणारा बिथरतो, त्यात नवीन माणसाचा दोष काहीच नसतो. तुम्ही आत्ता अशा टप्प्यावर असाल तर हे आधीच करा, काही महिने दोघं मिळून बोला, आणि त्यातही हळूहळू तुमचं बोलणं कमी होऊ द्या.

मी त्यांना आपल्याकडचं उदाहरण दिलं ते साधनाचं. साने गुरुजींनी 15 ऑगस्ट 1948 ला साप्ताहिक सुरू केलं आणि 1950 च्या जूनमध्ये ते गेले, दोन वर्षंसुद्धा मिळाली नाहीत. तरी अंक चालू राहिला, यदुनाथ थत्त्यांनी कितीतरी वर्षं सांभाळला, पुढे 1998 पासून 2013 पर्यंत नरेंद्र दाभोलकर संपादक होते. प्रत्येकाच्या काळातला अंक वेगळा दिसतो आणि तरी गुरुजींचं नाव कुणी पुसलं नाही. दादा घरी साधना वाचत मोठे झालेले, त्यांना हे पोचलं.

त्यांच्या पॉडकास्टमध्ये एक ठरलेला शेवटचा प्रश्न असायचा, तुमच्यानंतर हे काम कोण करणार? इतकी वर्षं त्यांनी तो दुसऱ्यांना विचारला. मी म्हटलं त्या उत्तरांचे तुकडे परत ऐका, फक्त तेवढेच, चुका काढायला नाही. ते पुढच्या वेळी फोनमध्ये एक तुकडा घेऊन आले. पुण्यातल्या तांबट आळीतले एक कारागीर, तांब्यावर मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोके मारायचं काम, करणारे, सांगत होते की पोराच्या हातात हातोडी दिली की मी चहाला बाहेर जातो, समोर बसलो तर त्याचा हात अडतो, ठोका चुकतो, आणि मग मी ओरडतो. दादा म्हणाले हे रेकॉर्ड करताना मी वा वा म्हणालो होतो, ऐकलं मात्र आज.

नंतर त्या मुलीला एकदा बोलावलं, दोघांच्या संमतीने. मला वाटलं होतं ती व्हॉइस नोटबद्दल बोलेल. ती म्हणाली व्हॉइस नोटचं ठीक आहे दादा, मी सकाळी ऐकते, काही कामाच्याही असतात. पण पाहुणे अजून तुम्हालाच फोन करतात आणि तुम्ही सगळं ठरवून टाकता, तारीख, विषय, मग मला सांगता. आणि लॉगिन. दादा म्हणाले सगळं दिलंय की. ती म्हणाली फीडचा ईमेल अजून तुमचा पर्सनल आहे.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी, पॉडकास्ट म्हणजे शेवटी एक आरएसएस फीड, म्हणजे इंटरनेटवरची एपिसोडची यादी, असतो, सगळी ॲप्स त्यातून एपिसोड उचलतात, आणि होस्टिंगचं, म्हणजे एपिसोड जिथे ठेवलेले असतात त्या सेवेचं, लॉगिन व फीडमधला मालकाचा ईमेल ज्याच्याकडे त्याच्याकडे तो पॉडकास्ट. कुठेही मालकी सिद्ध करायची वेळ आली की कोड बऱ्याचदा त्याच ईमेलवर येतो. त्यामुळे माइक तिच्या हातात होता आणि किल्ली दादांच्या खिशात, जशी सासूने घर सुनेवर सोपवावं आणि तिजोरीची किल्ली कमरेलाच ठेवावी. ते मुद्दाम केलेलं नव्हतं. राहून गेलं म्हणाले, आणि ते खरंही होतं, पण अशा गोष्टी उगाच राहून जात नाहीत, जिथे सोडणं सगळ्यात जड जातं नेमकं तेच काम आपण पुढे ढकलत असतो. म्हणून सोपवताना लोकांनी एक कागद करावा असं मी आग्रहाने सांगते, होस्टिंग, ईमेल, सुरुवातीच्या म्युझिकचे हक्क, मूळ रेकॉर्डिंगच्या हार्ड डिस्क, जाहिरातदारांचे करार कुणाच्या नावावर आहेत, आणि प्रत्येकासमोर तारीख. दादांनी ईमेल त्याच आठवड्यात बदलला. बदलल्यावर रडले, असं वहिनींनी सांगितलं, आणि त्या रात्री सलग झोपले.

पाहुण्यांच्या फोनचं एक वाक्य ठरवलं, "आता ते ताई बघतात, त्यांचा नंबर देतो." त्याच्यापुढे एक शब्द नाही. हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं, कारण समोरचा म्हणतो अहो पण तुम्हीच सांगा ना, आणि तिथे मन विरघळतं. व्हॉइस नोटचं असं ठरलं की तथ्याची चूक असेल तर दिवसा, लिहून, एकदाच. आवडीनिवडीचं काही असेल तर ते वहीत. वही मी बंद करायला लावली नाही, ती त्यांची आहे, तिथे त्यांना हवं ते लिहू दे. आणि मुख्य म्हणजे गुरुवार सकाळ. इतकी वर्षं ती सकाळ भरलेली होती, आता रिकामी, आणि रिकाम्या वेळेत माणूस जुन्या जागीच जाऊन उभा राहतो. त्यांनी एक काम निवडलं, न वापरलेली मूळ रेकॉर्डिंग्ज ऐकून त्यांची यादी करायची, कोण बोलतंय, कुठलं गाव, कुठला धंदा, आणि त्या कुटुंबांची परवानगी घेऊन एखाद्या ग्रंथालयाला द्यायची. ते काम दुसरं कुणी करूच शकलं नसतं.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. सगळ्यांचंच दुःख असं बोलून मोकळं होत नाही. दोन आठवड्यांहून जास्त सतत उदास वाटतंय, खाणं सुटलंय, कशातच रस नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येतायत तर "पद सोडलं म्हणून होतंय" असं म्हणून थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली मानसची 14416 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. दादांची मी पहिल्याच भेटीत ही चौकशी केली होती, तसं काही नव्हतं.

हल्ली ते कधीतरीच येतात. मागच्या वेळी विचारत होते, पाहुणा म्हणून एका एपिसोडला गेलो तर चालेल का. मी म्हटलं तिने बोलावलं तर जरूर जा, आपणहून सुचवू नका, आणि पहिलं वर्ष तर नाहीच. तिने अजून बोलावलेलं नाही. त्याचं वाईट वाटतं का विचारलं तर म्हणाले, "वाटतं ना, गुरुवारी जास्त वाटतं. पण मी तिला विचारणार नाही."