वाचक विचारतात: एक ज्वालामुखी आणि दूरदूरचे दुष्काळ

मागच्या अंकात मी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीच्या १८१५ सालच्या उद्रेकाबद्दल लिहिलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी, १८१६ मध्ये, युरोप-अमेरिकेत उन्हाळा आलाच नाही, पिकं बुडाली आणि उपासमार झाली. त्यावर बरीच पत्रं आली. भूविज्ञान शिकवण्यात माझं सगळं आयुष्य गेलं, तरी काही प्रश्नांनी मला पुन्हा जुनी टिपणं काढायला लावली. त्यातले निवडक प्रश्न इथे घेते आहे.

प्रश्न : राख तर काही दिवसांत खाली बसते. मग एका डोंगरामुळे सगळ्या जगात दोन-दोन वर्षं थंडी कशी पडते? (इयत्ता नववीतली विद्यार्थिनी)

तुझी शंका अगदी योग्य जागी आहे. राख खरंच लवकर खाली बसते, आणि हवामान बदलण्यात तिचा वाटा थोडाच असतो. थंडी आणतं ते गंधक. ज्वालामुखीतून सल्फर डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. स्फोट जोरदार असेल तर तो थेट स्थितांबरात पोचतो, म्हणजे ढग आणि पाऊस ज्या थरात होतात त्याच्याही वर. तिथे त्याचे सल्फ्युरिक आम्लाचे अतिशय बारीक थेंब होतात. खालच्या हवेत ते पहिल्याच पावसात धुऊन गेले असते. वर पाऊसच नाही, त्यामुळे ते वर्ष-दोन वर्षं तरंगत राहतात आणि सूर्यप्रकाशाचा थोडा भाग परत अवकाशात पाठवतात.

हे सगळं शास्त्रज्ञांना घडताना मोजता आलं ते १५ जून १९९१ रोजी फिलिपिन्समधला पिनातुबो फुटला तेव्हा. सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला, तीनेक आठवड्यांत त्याचा पट्टा पृथ्वीभोवती फिरून आला, आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान जवळजवळ अर्ध्या अंशानं उतरलं. त्याआधी १९८० साली अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सचा स्फोट जगभर गाजला होता, पण त्यातून गंधक फार कमी निघालं आणि हवामानावर परिणाम जवळजवळ झालाच नाही. तेव्हा स्फोट किती मोठा होता एवढंच विचारून भागत नाही. गंधक किती होतं आणि ते किती उंच गेलं, हेही विचारावं लागतं.

अर्धा अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण ती सगळ्या पृथ्वीची वर्षभराची सरासरी आहे. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात १८१६ च्या जूनमध्ये बर्फ पडलं आणि मक्याचं उभं पीक करपून गेलं. शिवाय अशा वर्षी जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते. मोसमी वारे त्या दोघांच्या तापमानातल्या फरकावर चालतात. फरक कमी झाला की पाऊस ओढ देतो. ही गोष्ट लक्षात ठेव, खाली एका उत्तरात ती पुन्हा लागणार आहे.

प्रश्न : ज्या उद्रेकाची कुठे नोंदच नाही, त्याचं साल तुम्ही लोक इतक्या ठामपणे कसं सांगता? (बँकेतून निवृत्त झालेले वाचक)

आकड्यांचा ताळा जमेपर्यंत तुम्हाला चैन पडत नसणार, म्हणून या उत्तरावर जरा जास्त वेळ घेते.

ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावर दरवर्षीचं बर्फ आदल्या वर्षीच्या बर्फावर साचत जातं. तिथे खोल छिद्र पाडून बर्फाचे लांबलचक दंडगोल बाहेर काढतात. उद्रेकानंतरच्या वर्षांचं बर्फ आम्लयुक्त असतं, आणि आम्लातून वीज अधिक सहज वाहते. दंडगोलाची बाजू रंध्यानं सपाट करून त्यावरून दोन इलेक्ट्रोड ओढत नेले की नेमक्या त्या थरावर प्रवाह एकदम उसळतो. असा आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा किती तरी वेळ त्यावरून नजर हलेना. सपाट चाललेली रेघ, मध्येच एक सुळका, आणि पुन्हा सपाट. तो सुळका फक्त ग्रीनलंडच्या बर्फात असेल तर ज्वालामुखी बहुधा उत्तरेकडचा. दोन्ही ध्रुवांकडच्या बर्फात असेल तर विषुववृत्ताच्या आसपासचा.

अशी एक फार मोठी खूण तेराव्या शतकाच्या मध्यावर सापडली होती. ज्वालामुखी कोणता, हे कित्येक वर्षं कळेना. २०१३ साली फ्रान्स आणि इंडोनेशियातल्या संशोधकांनी उत्तर दिलं: लोंबोक बेटावरचा सामालास, साल १२५७. त्यांनी ज्वालामुखीच्या थरांत सापडलेल्या कोळशाचं वय मोजलं आणि राखेतल्या काचेच्या कणांची रासायनिक घडण बर्फातल्या कणांशी ताडून पाहिली. आणखी एक साक्षीदारही होता. 'बाबाद लोंबोक' ही ताडपत्रावरची जुनी बखर. डोंगर ढासळला, पामातान नावाचं नगर गाडलं गेलं, लोक जीव घेऊन पळाले, असं तिच्यात लिहिलेलं आहे. तेव्हा 'नोंदच नाही' असं म्हणताना जरा थांबावं. नोंद असते, पण ती कुठे शोधायची हे माहीत नसतं.

आता ताळ्याची गोष्ट. इसवी सन ५३६ मध्ये सूर्य चंद्रासारखा निस्तेज झाला होता, असं बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. त्या वर्षी झाडांची वाढही खुंटली होती, हे खोडाच्या वलयांत दिसतं. पण बर्फातली आम्लाची खूण त्या सालाशी काही केल्या जुळत नव्हती. काही वर्षांचा फरक पडत होता. त्यामुळे ज्वालामुखी सोडून दुसरंच काही कारण असेल, धूमकेतू वगैरे, अशीही चर्चा चाले.

गाठ सुटली ती जपानच्या याकु बेटावरच्या देवदारांमुळे. २०१२ साली फुसा मियाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या झाडांच्या ७७५ सालच्या वलयात कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, एकदम वाढलेला आहे. अवकाशातून आलेल्या किरणांच्या माऱ्याची ती खूण होती, आणि असा मारा सगळ्या पृथ्वीवर एकाच वेळी होतो. त्याचीच खूण बर्फातल्या बेरिलियम-१० मध्ये (अशाच माऱ्यात बनणाऱ्या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्यात) सापडली आणि बर्फाचे थर मोजण्यातली चूक उघडी पडली. २०१५ साली कालगणना दुरुस्त झाली, आणि एक मोठा उद्रेक ५३६ च्या सुमारास, तर दुसरा ५४० च्या सुमारास नेमका जाऊन बसला. माझ्या विषयात गेल्या काही दशकांत यापेक्षा सुंदर काम झालेलं मला आठवत नाही.

प्रश्न : क्लिओपात्राचं राज्य ज्वालामुखीमुळे बुडालं, असं एका व्याख्यानात ऐकलं. वर्गात हे सांगावं का? (इतिहासाच्या शिक्षिका)

अर्धं सांगा, बाई. पण ते अर्धं नीट सांगा.

अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांमधला ओकमोक ज्वालामुखी इसवी सनपूर्व ४३ च्या सुरुवातीला फुटला. बर्फातल्या राखेवरून २०२० साली हे दाखवलं गेलं. नाईलचा पूर येतो तो इथिओपियाच्या पठारावर पडणाऱ्या मोसमी पावसामुळे, आणि वर म्हटलं तसं, मोठ्या उद्रेकानंतर तो पाऊस ओढ देतो. क्लिओपात्राच्या राजवटीत नाईलला लागोपाठ दोन वर्षं पूर आला नाही, असं रोमन तत्त्वज्ञ सेनेका सांगतो. इथवर साखळी पक्की आहे.

आता फळ्यावर तारखा मांडा. सीझरचा खून इ.स.पू. ४४ चा. उद्रेक ४३ चा. अॅक्टियमची लढाई, जिच्यात रोमच्या ऑक्टेव्हियननं क्लिओपात्रा आणि तिचा रोमन साथी अँटनी यांना हरवलं, ती ३१ ची आणि क्लिओपात्राचा मृत्यू ३० चा. मधल्या एका तपात रोममधलं यादवी युद्ध, अँटनीशी झालेला करार, ऑक्टेव्हियनचं आरमार असं किती तरी घडलं. दुष्काळानं इजिप्तचा खजिना आणि ताकद खचली असेल, पण राज्य गेलं ते लढाईत.

मुलांना ही दुसरी गोष्टही सांगाच. क्लिओपात्राच्याच टॉलेमी घराण्यातला तिसरा टॉलेमी, क्लिओपात्राच्या दोनशे वर्षं आधीचा. त्याच्याही काळात नाईलनं दगा दिला. कॅनोपस इथला इ.स.पू. २३८ चा शिलालेख म्हणतो की राजानं करमाफी दिली आणि सीरिया, फिनिशिया, सायप्रसहून चढ्या भावानं धान्य आणवून लोकांना जगवलं. शिलालेख राजाचं कौतुक करायलाच कोरलेला आहे, हे खरं. तरीही नदी तीच, घराणं तेच आणि शेवट वेगळा. ही दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवलीत की पुढचे प्रश्न मुलंच विचारतील.

क्रीट बेटावरची प्राचीन मिनोअन संस्कृती ज्वालामुखीनं बुडवली असं म्हणतात, तिचंही असंच आहे. सँटोरिनी बेटावरचा प्रचंड उद्रेक इ.स.पू. १६०० च्या आसपासचा, आणि क्रीटमधले बहुतेक राजवाडे पडले ते इ.स.पू. १४५० च्या सुमारास. मध्ये काही पिढ्या जन्मून गेल्या.

प्रश्न : एक-दोन उन्हाळे वाया गेले तर इतकी माणसं का मरावीत? कोणी वेळीच सावरलं की नाही? (पुरवठा खात्यात नोकरी केलेले वाचक)

नुसत्या थंडीनं माणसं क्वचितच मरतात. कोठारात काय आहे, बाजारात भाव काय आहे आणि रस्ते-बंदरं कोणाच्या हातात आहेत, यावर पुढचं ठरतं.

रशियाचं बघा. पेरूमधला वायनापुतिना १६०० च्या फेब्रुवारीत फुटला. १६०१ ते १६०३ रशियात ऐन उन्हाळ्यात पाऊस आणि अवेळी हिमकडाका, पीक हातचं गेलं. झार बोरिस गोदुनोव्ह स्वस्थ बसला नव्हता. त्यानं धान्याचे भाव बांधले, सरकारी कोठारं उघडली, मॉस्कोत पैसे वाटले. पण वाटप मॉस्कोत चाललंय ही बातमी पसरली आणि भुकेले लोक चहूकडून शहराकडे लोटले. साठेबाजांनी धान्य दडवलं ते वेगळंच. त्यातच गोदुनोव्ह जुन्या राजघराण्यातला नव्हता, त्यामुळे दुष्काळ हा त्याच्यावरचा दैवी कोप आहे, असं बोललं जाऊ लागलं. १६०४ मध्ये तोतया दिमित्री, म्हणजे आपण जुन्या घराण्यातला राजपुत्र आहोत असं सांगणारा एक जण, सैन्य घेऊन आला, पुढच्या वर्षी गोदुनोव्ह मेला आणि देश यादवीत गेला. तुमच्या खात्याचा अनुभव असेल तर केवळ एकाच ठिकाणी वाटप करण्याचा धोका तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आइसलँडचं दुःख आणखी मोठं. ८ जून १७८३ रोजी लाकी इथे जमीन फाटली. २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून आठ महिने लाव्हा आणि वायू येत राहिला. फ्लोरीन गवतावर बसलं आणि ते गवत खाऊन मेंढ्या, घोडे, गुरं मेली. त्यांच्या सांध्यांवर आणि बरगड्यांवर हाडाच्या गाठी वाढल्या होत्या. तिथल्या लोकांचं पोट जनावरांवरच. जनावरांपाठोपाठ माणसं गेली, जवळजवळ पाचातलं एक. योन स्टेइनग्रिम्सन नावाच्या पाद्र्यानं हे सगळं लिहून ठेवलं आहे. मदतीचे सरकारी पैसे सीलबंद पेटीतून पोचवायचं काम त्याच्याकडे होतं. वाटेत शेतकऱ्यांची दशा बघून त्यानं सील फोडलं आणि काही रक्कम जनावरं विकत घ्यायला तिथेच देऊन टाकली. त्याबद्दल त्याला दंड झाला आणि जाहीर माफी मागावी लागली. मला विचाराल तर त्या वर्षातला मदतीचा सगळ्यात शहाणा निर्णय तोच होता.

तुम्ही विचारलंत म्हणून सावरल्याचंही एक उदाहरण देते. तांबोरानंतरच्या उपासमारीत दक्षिण जर्मनीतलं व्युर्टेंबर्ग होरपळून निघालं. तिथला राजा विल्हेल्म पहिला यानं १८१८ साली होहेनहाइमला शेतीचं शिक्षण आणि प्रयोग यांसाठी संस्था काढली. आज तिथे विद्यापीठ आहे.

प्रश्न : तोबा ज्वालामुखीमुळे मानवजात नामशेष व्हायच्या बेतात आली होती, हे खरं का?

सुमात्रातला तोबा सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी फुटला आणि तो अवाढव्य होता, यात शंका नाही. पण माणूस संपत आला होता या कल्पनेला उत्खननांनी फारसा आधार दिलेला नाही. आंध्र प्रदेशातल्या ज्वालापुरम इथे तोबाच्या राखेच्या खाली दगडी हत्यारं आहेत आणि राखेच्या वरही, पुष्कळशी तशाच घडणीची. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पिनॅकल पॉइंटलाही वस्ती चालू राहिलेली दिसते.

प्रश्न : ज्वालामुखीच माणसापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतात, मग तापमानवाढीचा दोष आपल्यावर का? (एक वाचक)

सोडत नाहीत. जमिनीवरचे आणि समुद्राखालचे सगळे ज्वालामुखी धरले तरी वर्षाला काही दशकोटी टन होतात. आपण कोळसा, तेल आणि वायू जाळून साडेतीन हजार कोटी टनांहून अधिक सोडतो, म्हणजे शंभर पटींच्या आसपास. हवेतला वाढीव कार्बन कुठून आला हे त्याच्या समस्थानिकांवरूनही (कार्बनच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) कळतं, आणि ती खूण जुन्या, जमिनीत गाडलेल्या वनस्पतींची आहे. पिनातुबोच्या वर्षी कार्बन डायऑक्साइडच्या आलेखात उसळी आली नाही. तो आलेख १९५८ पासून जिथे मोजला जातो आहे, ते हवाईमधलं मौना लोआ स्वतःच एक जागृत ज्वालामुखी आहे. विवरातल्या वायूची झुळूक आली की तिथल्या उपकरणांवर ती लगेच ओळखू येते आणि त्या नोंदी बाजूला काढल्या जातात.