पोरगा उंच झाला अन् बॉल सुटायला लागला

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही दारव्हा तालुक्यातले. माह्या पोराले चौदावं लागलं. पाचवी-सहावीत होता तवा फुटबॉल खेळताना बॉल पायाले चिकटून राहे, मोठ्या पोराईले चुकवून गोल मारे. मागच्या वर्षी भसकन उंच झाला अन् आता बॉल पायातून निसटते, धावता धावता स्वतःच पडते. शाळेच्या टीममधून काढला, म्हणे याच्यात आता काही राह्यलं नाही. सोडून देऊ द्यावं का खेळ?

उत्तर : भाऊ, बिलकुल सोडू देऊ नका. पोरांची उंची साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी सगळ्यात जोरात वाढते, वर्षात 8-10 सेंटिमीटर सुद्धा, आणि त्यातही आधी पावलं अन् पाय वाढतात, धड मागून येतं. मेंदूला जुन्या पायांचा अंदाज असतो आणि पाय तर लांब झालेले, मग बॉलला टच एक तर लवकर होतो नाहीतर जोरात. कला कुठं जात नाही, नवीन अंगावर बसायला वेळ लागतो, कोणाला सहा महिने तर कोणाला वर्षभर.

नऊ ते बारा या वयात बॉल पायाखाली ठेवणं, वळवणं, दोन्ही पायांनी मारणं हे पोरं पटापट उचलतात. पण पास कधी द्यायचा, मोकळी जागा कुठं आहे, हे डोकं बाराच्या पुढंच हळूहळू तयार होतं, अन् ताकद, वेग तर त्याच्याही नंतर. म्हणून तेराव्या वर्षी पोराला कायमचं बाद करणं मला अजिबात पटत नाही, ज्याला मिसरूड आधी फुटलं तो आज भारी दिसतो एवढंच, पुढं बाकीचे त्याला गाठतात.

आता काय करायचं, तर अकरा-अकराच्या मॅचऐवजी चार-चार, पाच-पाच पोरांच्या टीम करा, प्रत्येकाला बॉल जास्त मिळतो. भिंतीवर पास मारून पहिला टच, म्हणजे आलेला बॉल पहिल्यांदा पायावर घेणं, पक्का करू द्या, डाव्या पायानं पण. कपाशी निघालेल्या वावरात खेळत असतील तर उन्हाळ्यात भेगा बघा, काळ्या मातीत घोटा लगेच मुरगळतो, आणि एप्रिल-मे मध्ये सकाळी ऊन चढायच्या आत आटपा. गुडघ्याच्या वाटीखाली, हाडावर दुखत असेल तर उड्या अन् पळणं कमी करा, वाढीच्या वयात खेळणाऱ्या पोरांना हे होतं. लंगडत असेल, सूज असेल किंवा रात्री दुखून जाग येत असेल तर मात्र डॉक्टरला दाखवाच.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे, आता फुटबॉल सुरू केला. उशीर झाला का? आणि हेडिंग, म्हणजे डोक्यानं बॉल मारणं, शिकू द्यावं का? (एक आई, आरमोरी)

उत्तर : ताई, उशीर नाही झाला. फक्त मुलींची वाढ मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी, बाराच्या आसपास जोरात होते, म्हणून तिचा तोल आत्ताच गडबडेल, तेव्हा तिला मुलांशी तोलू नका. बारापर्यंत 4 नंबरचा बॉल चांगला, 350 ते 390 ग्रॅमचा, पुढं 5 नंबर, तो 410 ते 450 चा असतो. हेडिंगची घाई नको. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं 2015 मध्ये दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग बंदच केलं, 11 ते 13 ला प्रॅक्टिसमध्ये मर्यादित ठेवलं. हलक्या, मऊ बॉलनं कपाळावर घ्यायची पद्धत दाखवा, डोळे उघडे, मान ताठ, आणि एका वेळी चार-पाचदाच.