वाचकांचे प्रश्न : आंदोलनातला चेहरा

प्रश्न : आमच्या फाट्यावरच्या रास्ता रोकोचे दीडेकशे फोटो काढले. एकात गावातलाच पोरगा जळत्या टायरजवळ दिसतो. तो पोलीस भरतीची तयारी करतोय, फोटो काढून टाका म्हणतो. डिलीट करू की चेहरा ब्लर करू? (एक वाचक, जालना जिल्हा)

उत्तर : दोन्ही नको. मूळ फाइल जपा आणि छापायची प्रत वेगळी करा. टायर त्यानं पेटवला की तो नुसता उभा होता, हे फोटोवरून ठरत नाही. चारित्र्य पडताळणीत मात्र तोच फोटो आडवा येऊ शकतो. १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे पॅरिस शहर ताब्यात घेतलेल्या उठावाच्या, लोकांनी बॅरिकेडवर हौसेनं फोटो काढून घेतले. उठाव मोडल्यावर पोलिसांनी त्यांवरूनच माणसं हुडकली.

झाकायचं तर ठार काळा चौकोन टाका. हलका ब्लर कधीकधी उकलता येतो. मोबाइलच्या हायलायटरनं गिरवलेलं तर ब्राइटनेस वाढवली की खालून दिसतं. नंबर प्लेट, हातावरचं गोंदण, मागच्या कृषी सेवा केंद्राची पाटी हेही बघा. गावात माणूस चपलेवरूनसुद्धा ओळखतात. एवढं झाकून फोटोत काही उरत नसेल, तर पाठमोऱ्या गर्दीचा दुसरा निवडा.

झाकलेल्या प्रतीचा स्क्रीनशॉट काढून तोच द्या. काही फोनांत एडिट केलेला फोटो पुन्हा मूळ रूपात आणता येतो, शिवाय फाइलमध्ये लोकेशन दडलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर लोकेशन पुसलं जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सोबत जातं.

मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. उद्या लाठीमारावरून वाद झाला, तर आंदोलकांच्या बाजूनं तीच बोलेल. फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा डिजिटल ठसा, त्याच दिवशी काढून नोंदवा. डिजिटल पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तो लिहावा लागतो. गुन्हा दाखल झाला असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय काहीही पुसू नका. पुरावा नष्ट केल्याचं बालंट तुमच्यावरच यायचं.

प्रश्न : पोचेपर्यंत घोषणा संपल्या होत्या. पुन्हा द्यायला लावल्या तर चालेल? (परभणी)

उत्तर : नाही. रस्त्यावर बसलेल्या बायका, डोक्यावर ओढलेले पदर, मधे ठेवलेला पाण्याचा जार, हे समोर आहेच. ते टिपा आणि फोटोओळीत वेळ लिहा : ‘दुपारी सव्वादोन, घोषणा थांबल्यावर’. घोषणा देऊन घेतल्याच असतील, तर ओळीत तसंच लिहा. संपादक तो फोटो बहुधा नाकारतील.