नदीला पाणी सोडलं तर सॅमन परत येतात का, आणि मग शेतकऱ्यांच्या पाण्याचं काय?

तुमचा प्रश्न आहे की मासे आणि शेती दोन्ही वाचवता येतं का. मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोत राहते, त्यामुळे इथल्या सॅन वाकीन नदीचंच सांगते.

१९४० च्या दशकात फ्रायंट धरण झालं, पाणी दोन कालव्यांत वळवलं आणि खाली जवळपास ६० मैल नदी कोरडीठाक पडली. वसंतात समुद्रातून वर चढणारे चिनूक सॅमन १९५० च्या आसपास इथून संपलेच. १९८८ ला पर्यावरणवाल्यांनी केस टाकली, ती तब्बल १८ वर्षं चालली आणि २००६ ला तडजोड झाली, त्यात दोन उद्दिष्टं सारख्याच वजनाची धरलीत, मासे परत आणायचे आणि शेतकऱ्यांचं नुकसान होता होईल तेवढं कमी करायचं. २००९ पासून नदीत पाणी सोडायला लागले.

पण नुसतं पाणी सोडून भागत नाही. हे मासे वसंतात येतात आणि अंडी घालतात शरद ऋतूत, मधला अख्खा उन्हाळा त्यांना धरणाखाली थंड पाणी लागतं, आणि फ्रेस्नोचा उन्हाळा म्हणजे आपला विदर्भच समजा. शिवाय वाटेत बंधारे. २०१४ ला पिल्लं सोडली, २०१९ ला पहिल्यांदा मोठे मासे समुद्रातून परत आले, तर ते जाळ्यात धरून ट्रकने धरणाखाली आणावे लागले! मी तरी याला अर्धंच यश म्हणेन.

आता शेतकरी. दहा लाख एकराच्या आसपास शेती या पाण्यावर आहे, बदाम, द्राक्षं, संत्री वगैरे. त्यांचं पाणी कमी झालं, ते उगाच नाकारायचं कशाला. भरपाई म्हणून नदीतून खाली गेलेलं पाणी डेल्टाकडे, म्हणजे नदीच्या मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशाकडे पकडून अदलाबदलीने परत द्यायचं आणि भरपूर पावसाच्या वर्षी जास्तीचं पाणी १० डॉलर एकर-फुटाने (एक एकरावर एक फूट उभं राहील एवढं पाणी) द्यायचं असं ठरलंय. कागदावर छान आहे, पण ओल्या वर्षी मिळालेलं पाणी दुष्काळात वापरायचं तर ते आधी जमिनीत मुरवून ठेवावं लागतं, आणि पाणी तिथवर नेणारा, त्या दोन कालव्यांपैकी एक, फ्रायंट-कर्न कालवाच मधे जमीन खचल्यामुळे बसलाय, एका टप्प्यात त्याची क्षमता निम्म्याहून जास्त घटली होती. जमीन खचली भूजलाच्या उपशाने, आणि तो उपसा नदीला पाणी सोडायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, त्यामुळे त्याचं खापर माशांवर फोडणाऱ्यांचं मला काही पटत नाही.