आईचा फोन आणि बंधाऱ्याची पातळी

प्रश्न : सिस्टर, सप्रेम सलाम. मी शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहे. आमचं मूळ गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठाला. 4 ऑगस्ट 2019, रविवार. उपासनेहून येऊन जेवायला बसलो आणि आईचा फोन आला, "पाणी चढाय लागलंय रं, न्यायला ये." दरवर्षीचंच आहे म्हणून मी म्हटलं, "उद्या बघू." दोन दिवसांत शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. आईला गावातल्या पोरांनी नावेतून काढलं, शाळेतल्या छावणीत ठेवलं. तिथं ताप धरला आणि महिन्याभरात ती गेली. पुण्यातल्या थोरल्या भावाला वाटतं, रस्ताच बंद होता म्हणून मी पोचलो नाही. त्या फोनचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. क्षमेची प्रार्थना दर रविवारी करतो, पण प्रभुभोजनाला, चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, हात पुढं होत नाही. पावसाळा लागला की रात्री उठून मोबाइलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतो. पाळकसाहेब म्हणतात, पौलासारखं मागचं विसरा. कसं विसरायचं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भाऊ, विसरायच्या मागं लागूच नका. 'मागचं विसरून पुढं धावतो' हे प्रेषित पौलाचं वचन आपण दुखऱ्या माणसाच्या तोंडावर फार पटकन मारतो. फिलिप्पैकरांना ते पत्र त्यानं कैदेतून लिहिलं, आणि त्या वचनाच्या थोडं आधीच तो स्वतः सांगतो की मी मंडळीचा छळ केला. विसरला असता तर लिहिलं कसं असतं? शर्यतीत धावणारा मान वळवून मागं बघत नाही, एवढंच त्याला म्हणायचंय.

माझंही एक ओझं सांगते. नर्सिंगला नवी होते. रात्रपाळीला एका म्हाताऱ्या पेशंटनं पाणी मागितलं. मी "आले हं बाबा" म्हणून दुसऱ्या खाटेकडं गेले आणि विसरले. पहाटे भांडं घेऊन गेले तेव्हा बाबा संपले होते. ते पाण्यावाचून गेले नाहीत, त्यांचा आजारच तसा होता. पण मागितलेलं पाणी मी दिलं नाही, हे खरंच. पंधरा दिवस माझ्या घशाखाली घास उतरेना. शेवटी मोठ्या सिस्टरना सांगितलं. त्यांनी ना रागावलं ना समजूत काढली. म्हणाल्या, "आजपासून रात्री दहाला प्रत्येक उशाशी तांब्या भरलाय का ते तू बघायचं." आजही घरी कुणी मुक्कामाला आलं की तांब्या ठेवल्याशिवाय मी आडवी होत नाही. नातवंडं हसतात.

आता येशूचा शिष्य पेत्र, त्याच्याकडं या. येशूला धरलं त्या रात्री मुख्य याजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवाशी शेकत त्यानं तीनदा प्रभूला नाकारलं. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी येशूनं त्याला न्याहारीला बोलावलं, तेव्हा पुढं काय होतं? कोळशाचाच विस्तव. कोळशाच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द सबंध नव्या करारात या दोनच जागी येतो. वास माणसाला कुठल्या कुठं नेऊन सोडतो. गुळाच्या धंद्यातल्या माणसाला चुलवाणाचा वास आला की काय होतं ते मी सांगायला नको. पेत्राला त्या धुरात ती रात्र आठवलीच असणार. येशूनं ती आठवण टाळली नाही. "माझ्यावर प्रीती करतोस काय?" असं तीनदा विचारलं आणि दर वेळी काम दिलं, माझी कोकरं चार, मेंढरं पाळ.

पस्तावा येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही झाला होता. त्यासाठी मिळालेले रुपये परत घेऊन तो याजकांकडं गेला. ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. तिथून तो एकटाच निघाला. पेत्र मात्र बाकीच्या शिष्यांत राहिला, त्यांच्याबरोबर मासे धरायला गेला. तुमचं पत्र वाचताना मला आईच्या फोनापेक्षा तो थोरल्या भावापासून लपवल्याची जास्त काळजी वाटली. एकमेकांजवळ पातकं कबूल करा, असं याकोब लिहितो ते उगीच नाही. पुण्याला जा. फोनवर नको, समोर बसून सांगा. तो चिडेल, कदाचित चार महिने बोलणार नाही. त्याचीही आई होती, तेवढा हक्क त्याला आहे. आणि "देवाचीच इच्छा होती" असं म्हणून कुणी तुमची सुटका करायला आलं, तर नम्रपणे नको म्हणा. "उद्या बघू" तुम्ही म्हणालात, देव नाही. क्षमा त्याच गोष्टीची मागायची आहे.

प्रभुभोजनाचं म्हणाल तर पहिल्या मेजावर पेत्र होता, आणि तो नाकारणार हे येशूला ठाऊक होतं. तरी भाकर दिली. पुढच्या वेळी मागच्या बाकावर बसून राहू नका.

बंधाऱ्याची पातळी बघणं मी सोडायला सांगणार नाही. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे तुम्हाला पाठच असेल. फक्त रात्री एकट्यानं बघत बसू नका. आईच्या गल्लीत तिच्या वयाच्या किती बायका राहिल्यात आणि कुणाची पोरं लांब आहेत, ते भावकीत विचारून ठेवा. त्यांचे नंबर मोबाइलमध्ये घाला. 39 झाले की कुणाच्या फोनची वाट न बघता गाडी काढा. सोबत कोरडी चादर आणि त्यांची रोजची औषधं घालायला डबा न्या. छावणीत पहिल्यांदा तीच हरवतात.